विषय: उत्तर: गावाकडच्या किडनी ट्रान्सप्लांट युनिटला मदत

प्रेषक: निधी समिती

नमस्कार मंडळी,
ट्रस्टच्या रुग्णालयाची मागणी आली आहे. इथल्या आपल्या सर्जननी वर्षातून दोनदा गावाकडे जाऊन किडनी ट्रान्सप्लांटची ऑपरेशनं करून द्यावीत आणि मंडळाने एखादं मशीन घेऊन द्यावं. जाणकारांनी मत कळवावं.

प्रेषक: नेफ्रॉलॉजीवाले डॉक्टर

ऑपरेशनांचा कॅम्प नकोच. हे मोतीबिंदूचं शिबिर नव्हे. सर्जन विमानात बसला की खरं काम सुरू होतं, आणि ते तिथल्याच टीमला वर्षानुवर्षं करायचं असतं.

इंटरनॅशनल सोसायटी ऑफ नेफ्रॉलॉजी आणि ट्रान्सप्लांटेशन सोसायटी यांचा 'सिस्टर ट्रान्सप्लांट सेंटर्स' कार्यक्रम आहे, त्याची घडण बघा. नवं केंद्र आणि अनुभवी केंद्र जोडीने अर्ज करतात. सुरुवात सर्वांत खालच्या सी पातळीवर, काम दिसलं तर बी, मग सर्वांत वरची ए. आपल्यालाही असंच टप्प्याटप्प्याने जाता येईल. रोजचं शिकणं मुंबईच्या केईएम किंवा अहमदाबादच्या किडनी इन्स्टिट्यूटसारख्या, भरपूर केसेस असलेल्या ठिकाणी व्हावं. आपण इथून आठवड्याला एक व्हिडिओ कॉल घेऊन केसेसवर चर्चा करू.

शिकायला एकटा सर्जन पाठवू नका. नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीचा डॉक्टर), भूलतज्ज्ञ, आयसीयूच्या दोन नर्स, लॅब टेक्निशियन आणि कोऑर्डिनेटर (दाता, नातेवाईक आणि कागदपत्रं सांभाळणारा) एकत्र जाऊ देत. पहिल्या रात्री किडनी वाचवते ती नर्स. लघवी दर तासाला मोजायची, त्या हिशेबाने सलाइन द्यायचं, पोटॅशियम बघत राहायचं. धार एकदम आटली तर आधी कॅथेटरमध्ये, म्हणजे लघवीच्या नळीत, गुठळी आहे का ते बघून तो धुवायचा, आणि तरीही आली नाही तर लगेच डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. रक्तवाहिनी बंद झाली असेल तर सकाळच्या राउंडपर्यंत थांबून किडनी हातची जाते.

मशीनऐवजी टॅक्रोलिमसच्या (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या गोळीच्या) रक्तातल्या लेव्हलच्या तपासणीची सोय आधी बघा. सॅम्पल दुसऱ्या शहरात जाऊन रिपोर्ट तीन-चार दिवसांनी येत असेल तर डोस अंदाजाने दिला जातो. सॅम्पल सकाळच्या गोळीच्या आधी, म्हणजे रात्रीच्या डोसनंतर साधारण बारा तासांनी, ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) ट्यूबमध्ये घ्यायचं. पेशंट गोळी खाऊन आला तर लेव्हल फुगलेली दिसते, डॉक्टर डोस कमी करतात आणि रिजेक्शन, म्हणजे शरीराने किडनी नाकारणं, ओढवून घेतात. आपल्याकडे टीबी आहेच. त्यावरचं रिफाम्पिसिन हे औषध सुरू केलं की हीच लेव्हल कोसळते.

प्रेषक: कोऑर्डिनेटर ताई

डॉक्टर, कायद्याचं राहिलं. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली राज्याच्या सक्षम प्राधिकरणाकडे नोंदणी झाल्याशिवाय एकही केस करता येत नाही. नोंदणी पाच वर्षांची असते आणि कोऑर्डिनेटर नेमलेला असावाच लागतो. हे पद सोशल वर्करला 'जादा काम' म्हणून चिकटवतात, तिथेच घोळ होतो. दाता आणि पेशंट यांच्या नात्याचे पुरावे अपुरे राहतात आणि ठरलेलं ऑपरेशन पुढे जातं.

माझं मत, आधी फक्त ब्रेनडेथ (मेंदू मृत) झालेल्या दात्याचे अवयव काढण्याचं केंद्र म्हणून नोंदणी करावी. आयसीयू आणि ऑपरेशन थिएटर आहेच. चार डॉक्टरांच्या पॅनेलने सहा तासांच्या अंतराने दोनदा ब्रेनडेथच्या तपासण्या करायच्या, फॉर्म १० भरायचा, नातेवाइकांची संमती फॉर्म ८ वर घ्यायची आणि विभागीय समन्वय समितीला कळवायचं. हे अंगवळणी पडलं की मग जिवंत दात्याच्या केसेस, त्याही कमी धोक्याच्या: रक्तगट जुळणारा दाता, क्रॉसमॅच निगेटिव्ह (पेशंटच्या रक्तात दात्याविरुद्ध अँटिबॉडी नाहीत), पेशंटचं आधी ट्रान्सप्लांट झालेलं नाही.

प्रेषक: निधी समिती

मग रुग्णालयाला काय लिहू?

प्रेषक: नेफ्रॉलॉजीवाले डॉक्टर

तीन गोष्टी विचारा. पूर्णवेळ नेफ्रॉलॉजिस्ट गावातच राहतो का? टॅक्रोलिमसचा रिपोर्ट किती तासांत मिळतो? पहिल्या वर्षानंतर गोळ्यांचा खर्च कोण करणार? तिसऱ्याचं उत्तर लेखी घ्या. गोळ्या परवडेनात म्हणून बंद केल्या की किडनी जाते आणि पेशंट पुन्हा डायलिसिसवर येतो. प्रशिक्षणाला गेलेल्या नर्सची वर्षभर बदली करणार नाही, हेही त्याच पत्रात मागा.