घरात मराठी विकत आणताना: सीमाभागातले अनुभव

टिळकवाडी, बेळगाव

डिसेंबर लागला की बाजारात दिनदर्शिका मांडल्या जातात आणि विक्रेता गठ्ठ्याकडे हात नेण्याआधी एकच प्रश्न विचारतो, "मराठी पाहिजे काय कन्नड?" माझ्या पुण्याच्या जावेला हा प्रश्न आजवर कुणी विचारलेला नाही. तिने कालनिर्णय मागितले की मराठीच हातात पडते. 1973 पासून निघणाऱ्या या दिनदर्शिकेची आमची प्रत वर्ष सरेपर्यंत घराची वहीच होऊन जाते. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, मावशींच्या सुट्ट्या आणि सासूबाईंना दवाखान्यात न्यायचा दिवस हे सारे त्या त्या चौकटीत बारीक अक्षरात लिहिलेले असते आणि महिना उलटला तरी मागची बाजू वाचायची राहिली म्हणून पान फाडले जात नाही. यंदा ती खिळ्याला अडकवताना मनात आले की आपल्याकडे मराठी आपसूक घरात येत नाही. ती निवडावी लागते, मागावी लागते आणि पुष्कळदा तिचे वेगळे पैसे मोजावे लागतात. आपल्या खरेदीत, टीव्हीवर, फोनवर हे कुठे कुठे जाणवले, ते सर्वांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. कन्नडविषयी यात कोणतीही अढी नाही. शेजारच्या अक्का माझ्याशी कन्नडमध्ये बोलतात, मी त्यांच्याशी मराठीत बोलते आणि आमचे अनेक वर्षे उत्तम चालले आहे.

निपाणी, निवृत्त शिक्षक

मला 1 फेब्रुवारी 2019 ही तारीख पाठ आहे. त्या दिवसापासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाची नवी दररचना लागू झाली आणि आपण पाहू त्याच वाहिन्यांचे पैसे भरायचे असे ठरले. शंभर वाहिन्यांपर्यंत मूळ शुल्क 130 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे, आणि सशुल्क वाहिन्यांची किंमत त्याहून निराळी. तत्त्व म्हणून मला ते पटले होते. केबलवाला मुलगा मात्र जो तयार संच घेऊन आला त्यात कन्नड वाहिन्या होत्या, आणि राज्य कर्नाटक असल्यामुळे त्यात वावगेही काही नव्हते. माझी आई तेव्हा 84 वर्षांची होती, तिला कन्नड येत नव्हते आणि दिवेलागणीनंतरचे तिचे दोन तास मराठी मालिकांचे होते.

मी वीजबिलाच्या पाठीवर बेरीज मांडून बसलो. मराठी वाहिन्या एकेक करून घेतल्या तर महिन्याचा आकडा किती वाढतो, त्यातले काय आधीच्या संचात येते, माझ्या क्रिकेटच्या वाहिन्या काढल्या तर किती वाचतात, असे तीनदा खोडून लिहिले. सह्याद्री वाहिनी फुकट होती, तेवढाच आधार. अखेर क्रिकेट काढले. कोल्हापुरात, म्हणजे आमच्यापासून जेमतेम चाळीस किलोमीटरवर, माझ्या भाच्याने त्याच आठवड्यात त्याच्या केबलवाल्याचा तयार संच घेतला आणि त्यात मराठी वाहिन्या आधीच होत्या. त्याला कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागले नाही, एवढाच फरक, पण तो मला फार लागला. पुढच्या वर्षी त्याच 130 रुपयांत दोनशे वाहिन्या मिळू लागल्या. आई ते पाहायला राहिली नाही. तिच्या वाहिन्या मी अजून काढलेल्या नाहीत.

वडगाव, साडीविक्री

आमचे घर विणकरांचे आहे. सासऱ्यांनी माग चालवला, मी गेली काही वर्षे फोनवर फोटो पाठवून साड्या विकते. माझ्या गिऱ्हाइकांत चंदगड, आजरा, गडहिंग्लजकडच्या बायका पुष्कळ आहेत आणि त्या रंग मागतात तो असा: आमसुली दाखवा, पण वांगीकडे झुकणारा नको. अंजिरी असेल तर ठेवा. डाळिंबीला मोरपंखी काठ मिळेल काय? मागच्या वर्षी एका मोठ्या खरेदीच्या ॲपवर दुकान उघडायचे ठरवले. तेथे प्रत्येक साडीसाठी एका यादीतून रंग निवडावा लागत होता. त्या यादीत आमसुली, वांगी आणि जांभळा या तिन्हींना मिळून एकच शब्द होता, पर्पल. मी तीन वेगळ्या साड्या एकाच रंगाखाली चढवल्या आणि त्यातल्या दोन पहिल्याच महिन्यात परत आल्या. कारणाच्या रकान्यात लिहिले होते, रंग वेगळा निघाला.

फोनच्या पडद्यावर रंग थोडा बदलतोच, दिव्याच्या उजेडात काढलेला फोटो तर पिवळाच येतो, म्हणून मी फोटो सकाळी नऊच्या सुमारास दारात उन्हाआड काढते. तरीही फोटोपेक्षा शब्दावर अधिक भरवसा ठेवावा लागतो. आमसुली म्हटले की सोलकढीच्या आमसुलाचा, सुकून काळपट झालेला लालसर जांभळा रंग बाईच्या डोळ्यांपुढे उभा राहतो आणि तो पडद्यावर कसा का दिसेना, तिची फसगत होत नाही. त्या ॲपवरचे दुकान मी बंद केले. आता प्रत्येक फोटोखाली रंगाचे नाव मराठीत लिहिते आणि हवे असेल तर आमसुलाचा तुकडाच पदरावर ठेवून फोटो पाठवते. तेव्हापासून रंगावरून साडी परत आलेली नाही.

येळ्ळूर, शेती

आमचा विषय भाताच्या औषधाचा आहे. कीटकनाशकाच्या बाटलीबरोबर जे घडीचे पत्रक येते ते हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषांत असावे असा नियम आहे. पत्रक उलगडले की वर्तमानपत्राएवढे होते आणि अक्षर मात्र मुंगीएवढे. त्यात मराठी कधी असते, कधी नसते. माझे शिक्षण मराठीत सातवीपर्यंत झालेले असल्यामुळे मी आधी बाटलीवरचा रंगीत चौकोन पाहतो, ज्यातला खालचा त्रिकोण लाल असेल तर औषध अतिशय विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. पण रंगावरून पंपाला किती मिली घालावे ते कळत नाही. मुलगी पत्रकावर फोनचा कॅमेरा धरते आणि मराठी करून वाचून दाखवते. एकदा त्या भाषांतरात प्रमाणाचा आकडा आणि एकराचा आकडा एकमेकांत मिसळला, तेव्हापासून आकडे आम्ही मूळ कागदावरच ताडून पाहतो. इतरांनीही तसेच करावे.

खानापूर तालुका, विद्यार्थिनी

घरपोच मागवताना पत्त्यात आमचे गाव कोणीही कसेही लिहिले तरी पार्सल येते, कारण ते पिनकोडवर चालते. पहिला अंक 5 असला की कर्नाटक, आंध्र किंवा तेलंगण. 4 असला तर महाराष्ट्राचा संभव. त्यामुळे बेळगावहून वेंगुर्ला रस्त्याने शिनोळीला पोचले की पिनकोड 4 वर येतो आणि आमच्याकडे तो 5 च राहतो. माझा अंदाज आहे की काही ॲप हा अंक पाहूनच भाषा ठरवत असावेत, कारण मी मराठी निवडलेली असतानाही तक्रारीसाठी फोन केला की कन्नड, हिंदी, इंग्रजी एवढेच पर्याय ऐकू येतात.

मला याहून जास्त खटकते ते बोलून टाइप करणे. फोनमध्ये मूळची हिंदी ठरलेली असेल आणि मी "बेळगाव" म्हटले, तर पडद्यावर "बेलगाम" उमटते. ळ जातो आणि शहराच्या नावाचा अर्थच लगाम नसलेला असा होतो. सेटिंगमध्ये जाऊन बोलण्याची भाषा मराठी केली की ळ परत येतो. मी हे घरातल्या पाचही फोनवर करून दिले आहे आणि आजोळी गेले की तिथल्यांवरही करते.

कडोली, वाचक

पुस्तकांबद्दल थोडेसे. आमच्या भागातल्या गावोगावच्या साहित्य संमेलनांत पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि माझी वर्षाची बहुतेक खरेदी तिथेच होते. उरलेली पुण्याहून टपालाने येत असे. डिसेंबर 2024 मध्ये टपाल खात्याने पुस्तकांसाठीची स्वस्त नोंदणीकृत सेवा बंद केली आणि त्यानंतर लहान मुलांच्या पातळ पुस्तकाला कधी कधी किमतीइतकाच पाठवणीचा खर्च येऊ लागला. आम्ही चार घरे मिळून आता एकच पार्सल मागवतो.

खडे बाजार परिसर, किराणा दुकान

माझी मातृभाषा कन्नड आहे, मराठी मी गल्लीत आणि गल्ल्यावर बसून शिकलो. पाकिटांवर किंमत आणि वजन हिंदीत किंवा इंग्रजीत छापण्याचा नियम आहे, त्यामुळे माल बहुधा इंग्रजी बोलतो आणि गिऱ्हाईक मराठी किंवा कन्नड. फोनवर पैसे येऊ लागल्यावर मी ते बोलून सांगणारा डबा घेतला, तो आला तेव्हा इंग्रजी बोलत होता. समोरच्या गल्लीतल्या एका आजी नातवाच्या फोनवरून पैसे देत आणि दर वेळी मला विचारत, "किती आले ओ?" मी सांगितलेले त्यांना पटे, पण त्यांना ते स्वतःच्या कानांनी ऐकायचे होते. मी डबा देणाऱ्या मुलाला बोलावून भाषा मराठी करून घेतली. आता आजी साखर-पोह्यांची पिशवी हातात घेऊनही लगेच निघत नाहीत. डबा रक्कम बोलेपर्यंत कट्ट्याला हात टेकून उभ्या राहतात, ऐकतात, "बरोबर" म्हणतात आणि मग पायरी उतरतात.