सखी मंडळाचे कर्ज की कंपनीचे गटकर्ज? सावली तालुक्यातील एका बाईंसाठी सल्ला हवा आहे

मृणाल, रावपुरा, बडोदे

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या बाईंची धाकटी बहीण बडोदे जिल्ह्यातल्या सावली तालुक्यात राहते. तिच्याकडे एक म्हैस आहे आणि दुसरी घेण्यासाठी तिला कर्ज हवे आहे. गावात ती ज्या सखी मंडळात, म्हणजे बचत गटात आहे, तेथे दोन वर्षे बचत चालू असूनही बँकेचे कर्ज आलेले नाही. दुसरीकडे, एका कंपनीचा माणूस दहा बायका जमवा, आठवड्यात पैसे देतो, म्हणून मागे लागला आहे. त्याचा हप्ता दर आठवड्याला आहे आणि एकीचा थकला तर बाकीच्यांनी भरायचा. दोन्हीकडे गटच आहे आणि तारण कुठेच नाही, मग तिला नक्की काय सांगावे?

निवृत्त बँक अधिकारी, कारेलीबाग

मृणालताई, पैसा कोणाचा आणि निर्णय कोणाचा, हे आधी पाहावे. बारा जणींनी महिना शंभर रुपये टाकले तर दोन वर्षांत 28,800 रुपये होतात. ते आपसांत कर्जाने फिरतात आणि त्यावरचे व्याज गटाच्याच पेटीत पडते. नाबार्डने, म्हणजे शेती व ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेने, 1992 मध्ये 500 गटांचे लक्ष्य ठेवून बँक जोडणीचा, म्हणजे बचत गटांना बँकेचे कर्ज देण्याचा, प्रयोग सुरू केला, तो याच पायावर. आजीविका मिशन या ग्रामीण गरिबांसाठीच्या सरकारी योजनेखालच्या पात्र गटाला पहिल्या खेपेस गटनिधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख, यांपैकी जास्त असेल तेवढे कर्ज द्यावे आणि दहा लाखांपर्यंत तारण मागू नये, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. अट एवढीच, की गट किमान सहा महिने चालू हवा आणि बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड व हिशेब ही पंचसूत्री पाळणारा हवा. सहा महिन्यांची इतिवृत्ते एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहून काढलेली दिसली, की गट कागदावरचा आहे हे आम्हाला लगेच कळत असे. तेव्हा कर्ज का अडले, याचे उत्तर प्रथम त्या वहीत शोधावे.

कंपनीच्या गटात मात्र बायकांचा साठा नसतो. गट असतो तो वसुलीच्या हमीपुरता. व्याजाचा दर सपाट, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच, सांगितला असेल तर विशेष जपावे, कारण वर्षभराच्या मासिक हप्त्यांवर 12 टक्के सपाट दर म्हणजे घटत्या शिलकीवर साडेएकवीसच्या आसपास. (विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी 1889 मध्ये बडोद्यातच अन्योन्य सहकारी मंडळी काढली, आपल्या पैशांतून आपल्यालाच कर्ज, हे या गावाला नवे नाही.)

गटांचा हिशेब लिहिणारी, डभोई

काकांचे नियम बरोबर आहेत, पण शाखेत गेलेल्या बाईचा अनुभव त्यांत दिसत नाही. वही चोख असूनही, साहेब रजेवर आहेत, पुढच्या महिन्यात या, असे ऐकून मजुरी बुडवून परतलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. कंपनीचा माणूस दारात येतो, म्हणून बायका तिकडे वळतात. त्यांना हिशेब कळत नाही म्हणून नव्हे.

तरीही आठवड्याचा हप्ता म्हशीला सोसत नाही. म्हैस विण्याआधी दोन-तीन महिने आटते. त्या काळात दूध नाही, पण पेंड आणि चारा लागतोच. मग हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचे कर्ज घेतले जाते आणि तिथून गाडे बिघडते. एप्रिल 2022 पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांत वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या कर्जांचे एकूण हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाऊ नयेत, असे आहे. मुदतीआधी फेडल्यास दंड नाही, आणि हप्त्याची पाळी कर्जदाराच्या सोयीने ठरवण्याची मुभा देणारे धोरण कंपनीकडे असावे लागते. मासिक हप्ता मागावा आणि व्याजदर, शुल्क, एकूण परतफेड हे सर्व मांडलेला तक्ता हाती आल्याशिवाय सही करू नये.

मृणाल, रावपुरा

तिच्याशी बोलले. गटाच्या वहीत चार महिन्यांच्या बैठका लिहायच्याच राहिल्या आहेत. आणखी एक कळले: गावच्या दूध मंडळीत सभासद तिचे यजमान आहेत, त्यामुळे दुधाचे पैसे त्यांच्याच खात्यावर जमा होतात.

गटांचा हिशेब लिहिणारी, डभोई

मग खरी गाठ येथे आहे. कर्ज तिच्या नावावर, धारा तिने काढायच्या, आणि पैसे दुसऱ्याच्या खात्यावर, अशाने हप्त्याची जबाबदारी तेवढी तिची होते. हैदराबादेत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 104 वस्त्यांत गटकर्जाचा परिणाम तपासला; आधीपासून धंदा असलेल्यांची गुंतवणूक वाढली, पण घरातल्या निर्णयांत बाईचे वजन वाढल्याचे आढळले नाही. गावात रोज तेच दिसते.

वही पूर्ववत करून गटाचा अर्ज नव्याने करा, पण त्याआधी मंडळीच्या सचिवाला भेटून सभासदत्व तिच्या नावावर करता येते का ते विचारा. यजमानांची संमती लागली, तर म्हैस घेण्यापूर्वीच मागावी. म्हैस गोठ्यात आली की हा विषय कोणी काढू देत नाही.