पुण्यातल्या लक्ष्मी रोडची गणपती विसर्जन मिरवणूक: टिपरू हलतं, पडद्यावर पट्टे येतात

प्रश्न: क्रॉप बॉडी (लहान सेन्सरचा कॅमेरा), १८-५५ आणि ५० एफ/१.८ अशा दोन लेन्स आहेत. अंधार पडला की ढोलावरचं टिपरू म्हणजे नुसता धूर. मागच्या एलईडी पडद्यावर काळे पट्टे येतात ते वेगळेच. काय करू?

उत्तर १: टिपरू गोठवायला शटर किमान १/५०० सेकंद लागतं. ५०ची लेन्स एफ/२ वर, म्हणजे जवळजवळ पूर्ण उघडी ठेवा, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत बिनधास्त जाऊ द्या. प्रकाश कमीच असेल तर हात सगळ्यात वर गेला की दाबा. तिथे टिपरू क्षणभर थांबतं, १/१६० वरही चालतं.

उत्तर २: पट्ट्यांवर उलटा उपाय, शटर हळू करायचं. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून १/१०० किंवा १/५०. पडद्याचा वेग मात्र वेगळा असतो, दोन-तीन शटर बदलून बघाच. ते जमत नसेल तर पडदा चौकटीबाहेर ठेवा, सोपं पडतं.

उत्तर ३: मानाच्या गणपतींना दिवसाच गाठा ना! मिरवणूक बेलबागेकडून अलका चौकाकडे, म्हणजे पश्चिमेला जाते. सकाळी समोर उभं राहिलं की ऊन पथकाच्या मागून येतं आणि गुलाल पेटल्यासारखा दिसतो. चेहरे काळे पडतात, एक स्टॉप वाढवा, म्हणजे प्रकाश दुप्पट घ्या.

उत्तर २: आणि गुलालात लेन्स बदलू नका. काचेवर बसला तर आधी ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा), मग कापड. ओल्या फडक्याने पुसलात तर लाल चिखल होतो.