फोटोत यायचं टाळणाऱ्यांनो, इकडे या (अनुभव धागा)

अर्धाकप:
फोन भरला म्हणून काल फोटो उडवत बसले होते, तर मंडईतला एक सापडला. तेव्हा दर रविवारी सकाळी सातला आमचा फोटोवाल्यांचा घोळका पुण्यात हिंडायचा. त्या दिवशी ठरलं की मंडईची ती १८८६ची अष्टकोनी इमारत आता पुरे, आज एकमेकांचे फोटो काढायचे.
माझ्या हातांवर कोड आहे, चौथीपासून. ग्रुप फोटोत कायम मागची रांग, हात ओढणीखाली. पुढे कॅमेराच घेतला, काढणारीला कोण फोटोत बोलावतंय! आमच्यातल्या एका सत्तरीच्या काकांनी (जुना निकॉन कॅमेरा, ५० एमएमची एकच लेन्स) नेमके माझे हातच काढले, मी मेथीची जुडी बघत होते तेव्हा. मी जाम भडकले. ते म्हणाले, "अगं, मी जुडी काढत होतो." स्क्रीन दाखवली. पांढरा अंगठा, नखात माती, मेथीवर वरून आलेली तिरीप. "राहू दे" म्हटलं.
काल पण नाही उडवला. तुमचं सांगा.

गोधडी:
काका भारी! कोड लागत नाही हो कुणाचं कुणाला. तरी आमच्या भिशीत जावेच्या हातची भजी कुणी घेईना. मी एकटीने ताट संपवलं, मग ॲसिडिटी. असो, विषय भरकटला.

पावसाळी:
३६चा रोल, त्यात दोन लग्नं नि एक बारसं. कॅमेरा बाबांकडे, आई स्वयंपाकघरात. एका फोटोत तिचं कोपर आलंय, वाढताना. आम्ही भावंडं त्यालाच 'आईचा फोटो' म्हणतो.

चकलीसोऱ्या:
५०ची कुठली? १.८ का? सेकंडहँड कितीला पडेल?

टिंबटिंब:
दिवे घाटात वारीचे फोटो काढायला गेलो होतो. एक आजी म्हणाल्या, "काढ की, पण आधी चाल माझ्यासंगं." चाललो. मधेच डोक्यावरची तुळस माझ्या डोक्यावर दिली. दोन्ही हात अडकले, कॅमेरा गळ्यात नुसता आपटतोय. त्यांच्या नातवाने मोबाइलवर माझाच फोटो काढला, ढेरी पुढे, तुळस वाकडी. माझ्याकडे नाहीये तो. त्यांच्या घरी कुणीतरी दाखवत असेल, हा कोण म्हणून.

अर्धाकप:
टिंबटिंब 😂😂
चकली, १.८च. काका विकणार नाहीत.

चकलीसोऱ्या:
विचारून तर बघा ना.

गोधडी:
इथे लोक डोळे पुसतायत नि याला लेन्स हवी!

तिसरामजला:
मी तिरळी. फोटोवाला "इकडे बघा" म्हणायचा, मी तिकडेच बघत असायचे, त्याला पटायचं नाही. यंदा गणपतीत सोसायटीतल्या पोरांनी प्रत्येक घरातल्या माणसांचे फोटो काढून जिन्यात लावले. माझा अगदी वळणावरच. पहिले चार दिवस मी लिफ्टने गेले. आता सवय झालीय. आवडतो असं नाही म्हणणार, पण उतरवूही दिला नाही.

पावसाळी:
टाक ना इथे.

तिसरामजला:
जिन्यातला बल्ब गेलाय. उद्या उजेडात काढते.