मदत हवी आहे: मस्टँग जर्मनीला आणू की मिशिगनमध्येच विकू?

वाकड_ते_वुडवर्ड

मंडळी नमस्कार. जरा लांबण लागणार आहे, पण खरंच अडलोय.

मी मूळचा पुण्याचा. नऊ वर्षं मिशिगनमध्ये नोव्हीला होतो. सप्टेंबरपासून कंपनीने स्टुटगार्टजवळ पाठवलंय, निदान चार वर्षांसाठी. बायको आणि सहा वर्षांची लेक सोबत आहेत. सोबत नाही ती माझी २०१८ची फोर्ड मस्टँग जीटी. पाच लिटरची व्ही-एट, ४६० हॉर्सपॉवर, दहा गिअरची ऑटोमॅटिक. ती नोव्हीत मेव्हण्याच्या गराजमध्ये कव्हर घालून उभी आहे. तो दर रविवारी पाच मिनिटं सुरू करून ठेवतो (निदान तसं सांगतो) आणि आता दर फोनला विचारतो, "दाजी, हिचं काय करायचं?"

माझा हिशोब साधा होता. जगातली सगळ्यात जोरदार गाडी जगातल्या सगळ्यात मोकळ्या रस्त्यावर आणायची. पण इथले तीन अनुभव ऐका.

पहिल्याच महिन्यात भाड्याची पसाट इस्टेट (म्हणजे स्टेशन वॅगन) घेऊन ए-८१ या ऑटोबानवरून, म्हणजे इथल्या महामार्गावरून, सिंगेनकडे निघालो. वेगमर्यादा संपल्याची ती पांढरी गोल पाटी दिसली, तिरप्या काळ्या रेघांची. मिशिगनच्या आय-७५ महामार्गावर सत्तर मैलांच्या मर्यादेत अठ्ठ्याहत्तरवर क्रूझ लावून बसणारा मी माणूस. दाबलं. ताशी १७० किलोमीटर झाले, खूश झालो आणि डाव्या लेनमध्येच बसून राहिलो, कारण मिशिगनमध्ये सगळे तसेच बसतात. आरशात लांब एक ठिपका होता. "बघ, बाबा किती जोरात चालवतोय" हे लेकीला सांगून होईस्तोवर त्या ठिपक्याची गाडी झाली आणि माझ्या डिकीमागे येऊन ठेपली. वर त्याने डावा इंडिकेटर चालू ठेवलेला. मला कळेना, याला डावीकडे जायचंय कुठे? तिकडे तर कठडा आहे!

दुसरा अनुभव जॅममधला. तीन लेन, मी मधल्या लेनमध्ये पुढच्याच्या बरोब्बर मागे उभा. शेजारच्या ट्रकवाल्याने काच खाली करून "सरक, सरक" असा हात केला. मागून ॲम्ब्युलन्स येत होती आणि आख्ख्या रस्त्यात तिच्या वाटेत मी एकटा.

तिसरा अनुभव टपालाने आला. फोटो छान आलाय, बायको म्हणते पासपोर्टला चालेल.

तर विचारायचंय हे. गाडी आणायची तर काय काय करावं लागतं, आणि ती इथे शोभेल का? आणि तिच्याआधी मला स्वतःला इथे चालवता यावं म्हणून काय काय विसरायला हवं?

नेकारकाठची_सून

आधी कागदपत्रांचं बोलते, कारण तुमचं घड्याळ चालू झालंय. इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच अमेरिकन लायसन्स चालतं. तुमचं नशीब की ते मिशिगनचं आहे, लेखी-प्रात्यक्षिक काही न देता बदलून मिळतं. माझं महाराष्ट्राचं होतं, दोन्ही परीक्षा द्याव्या लागल्या आणि प्रात्यक्षिकात एकदा नापास झाले. 'उजवीकडून येणाऱ्याला आधी' या नियमात. गल्लीच्या नाक्यावर पाटी नसेल तर उजव्या बाजूची सायकलसुद्धा आधी जाते. तुमच्याकडे चारही बाजूंना स्टॉपची पाटी आणि जो आधी आला तो आधी गेला. इथे तो प्रकार विसरा. लाल सिग्नलला थांबून उजवीकडे वळणंही विसरा. सिग्नलशेजारी छोट्या हिरव्या बाणाची पाटी असेल तरच ते चालतं.

आता गाडी. घरसामानाबरोबर आणली तर जकात आणि १९ टक्के व्हॅट दोन्ही माफ होतात. अटी अशा: गाडी किमान सहा महिने तुमच्या नावावर आणि वापरात हवी, तुम्ही किमान वर्षभर युरोपियन युनियनबाहेर राहिलेले असायला हवं, राहायला आल्यापासून वर्षाच्या आत ती आणायला हवी आणि आणल्यावर वर्षभर विकता किंवा कुणाला वापरायला देता येत नाही.

खरी गंमत पुढे आहे. अमेरिकन मस्टँगचे मागचे इंडिकेटर लाल असतात, इथे पिवळेच लागतात. हेडलाइट युरोपियन नियमाचे हवेत, मागे फॉग लाइट हवा. मग तपासनीस एकेक गोष्ट बघून स्वतंत्र अहवाल देणार. मिशिगनमध्ये गाडीची अशी नियमित तपासणी नसतेच ना? इथे दर दोन वर्षांनी असते. खालून गंज हातोडीने ठोकून बघतात. मिशिगनच्या मिठाच्या रस्त्यांवर पाच हिवाळे काढलेली गाडी असेल तर आणायच्या आधी लिफ्टवर चढवून पोटाकडून फोटो मागवा.

डिपर_देऊ_नका

वाकडसाहेब, तो डावा इंडिकेटर म्हणजे "बाजूला होता का?" बहुतेकांना तो उद्धटपणा वाटतो, पण अर्थ तेवढाच. डिपरचंही तसंच. आपल्याकडे डिपर म्हणजे "मी येतोय, थांब", अमेरिकेत बऱ्याचदा "तुम्ही जा", इथे गावाबाहेर ओव्हरटेकची सूचना म्हणून एखाददा चालतो. शेपटीला चिकटून सारखा मारलात तर मात्र फौजदारी होऊ शकते.

तुम्हाला सगळ्यात आधी विसरायला हवी ती 'माझी लेन'. अमेरिकेत माणूस लेन धरतो आणि जन्मभर तिथे राहतो. लोक डावीकडून जातात, उजवीकडून जातात, कुणाला काही वाटत नाही. आपल्या एक्सप्रेसवेवर ट्रक सगळ्यात वेगाच्या लेनमध्ये संसार थाटतात तसंच. इथे ओव्हरटेक झालं की उजवीकडे परत यायचं. वाहतूक मोकळी असताना उजवीकडून पुढे काढणं हा गुन्हा, आणि म्हणूनच मागचा माणूस भरवशाने २२० ला येऊ शकतो. त्याला ठाऊक असतं की उजवीकडून कुणी घुसणार नाही.

एक हिशोब घाला. ट्रक ८० ने, तुम्ही २०० ने. फरक १२०, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. ट्रकच्या मागून एखादी आजी ११० ने डावीकडे आली तर तुमच्यातलं दोनशे मीटर अंतर आठ सेकंदांत संपतं. आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात तो ब्रेकचा आडाखा असा: वेगाला दहाने भागा आणि वर्ग करा. १०० ला शंभर मीटर, २०० ला चारशे. शिवाय पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे साठ मीटर वेगळे. जीव तोडून ब्रेक दाबला तर चारशेचे दोनशे होतात. म्हणून इथे लोक पुढच्या गाडीकडे बघत नाहीत, तिच्या पुढच्या चौथ्या गाडीकडे आणि आरशाकडे बघतात. अंतराचा नियमही त्यावरूनच: स्पीडोमीटरवरच्या आकड्याच्या निम्मे मीटर. पुलावरून कॅमेरा तेच मोजत असतो.

मर्यादा नाही म्हणजे जबाबदारी नाही, असं नव्हे. १९७८ पासून १३० हा सुचवलेला वेग आहे. त्याच्या वर असताना अपघात झाला तर चूक समोरच्याची असली तरी नुकसानीचा काही वाटा तुमच्या गळ्यात पडू शकतो. आणि २०१७ पासून रस्त्यावरची शर्यत हा फौजदारी गुन्हा आहे. बेदरकारपणे 'जास्तीत जास्त किती जाते बघू' केलंत तर एकट्याचीही शर्यत धरतात.

जॅमचं सोपं आहे. डावी लेन डावीकडे सरकते, बाकीच्या सगळ्या उजवीकडे. हे ॲम्ब्युलन्स दिसल्यावर नाही, वेग मंदावला की लगेच करायचं. आणि हो, अमेरिकेत रडार डिटेक्टर काचेला लावून फिरत असाल तर तो तिकडेच ठेवा. इथे वापरायला बंदी आहे, फोनमधलं ॲपसुद्धा.

चाकणचा_चकणा

गाडी शोभेल का, याचं उत्तर रस्त्यात आहे. तुमच्या टोपणनावातच वुडवर्ड अव्हेन्यू आहे म्हणून सांगतो. ती डेट्रॉइटच्या बाहेर सरळ गेलेली रुंद, सिग्नलांची सडक. साठच्या दशकात पोरं एका सिग्नलपासून पुढच्या सिग्नलपर्यंत शर्यती लावायची. १९६४ची पाँटिॲक जीटीओ बघा, मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ क्युबिक इंचाचं, म्हणजे ६.४ लिटरचं धूड. पेट्रोल स्वस्त, रस्ते सरळ, मजा सगळी शून्यापासून सुटण्यात. पुढे १९७४ मध्ये देशभर ५५ मैलांची मर्यादा आली. १९८७ पासून गावाबाहेरच्या काही महामार्गांवर ६५ झाली, पण देशभराची मर्यादा उठली ती १९९५ मध्येच. अख्ख्या पिढीने टॉप स्पीड हा आकडा फक्त मासिकात वाचला.

युरोपात पेट्रोल महाग, शिवाय कित्येक देशांत कर इंजिनाच्या आकारावर. इटलीत तर एके काळी दोन लिटरच्या वरच्या गाडीवर व्हॅट ३८ टक्के होता, म्हणून फेरारीने तिथल्या बाजारापुरतं दोन लिटरचं मॉडेल काढलं! मग लहान इंजिनातून काम काढायचं, वजन कमी ठेवायचं. १९७६ ची गोल्फ जीटीआय घ्या: १.६ लिटर, ११० हॉर्सपॉवर, वजन आठशे किलोच्या आसपास. पाच हजार विकल्या तरी पुरे, असा अंदाज होता. पहिल्याच पिढीच्या साडेचार लाखांच्या वर गेल्या. डाव्या लेनमध्ये मोठ्या सेडानवाल्यांच्या आरशात ही डबी दिसायला लागली तेव्हा त्यांची तोंडं काय झाली असतील!

तुमच्या गाडीचे टायर कुठले आहेत? बाजूला शेवटचं अक्षर वाचा. तो टायर किती वेग झेलतो ते त्यावरून कळतं: एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००. अमेरिकेत पुष्कळ गाड्या बारमाही टायरवर विकतात आणि त्या टायरच्या हिशोबाने कंप्युटर वेग अडवतो. इथे बर्फात हिवाळी टायर सक्तीचे आहेत आणि आता डोंगर-हिमकणाचं चिन्ह असलेलेच चालतात. नुसतं एम-प्लस-एस (चिखल-बर्फ) लिहिलेले नाहीत.

पेट्रोल ओतताना आकड्यांना भुलू नका. अमेरिकेतलं ९१ ऑक्टेन आणि इथलं ९५ जवळपास एकच, मोजायची पद्धत वेगळी. "जर्मनीत पेट्रोल भारी मिळतं" असं मेव्हण्याला कळवू नका.

आणि मेव्हण्याला म्हणावं रविवारची पाच मिनिटं बंद कर. थंड इंजिन तापायच्या आत बंद केलं की ऑइलमध्ये पाणी साठतं. त्यापेक्षा बॅटरीला चार्जर लावून गाडी झोपू दे.

ओहायोवाला

चकणाशेठ, 'अमेरिकन गाडी म्हणजे फक्त सरळ रेघ' हे रेकॉर्ड आता झिजलं. २०१५ च्या मस्टँगपासून मागचा अखंड ॲक्सल गेला, चारही चाकं स्वतंत्र, आणि तेव्हापासून ती युरोपात रीतसर विकली जाते. २०१७ मध्ये शेव्हर्लेच्या कॅमारो झेडएल-वन वन-एलईने जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या वळणावळणाच्या ट्रॅकवर ७ मिनिटं १६.०४ सेकंद काढले. टेनेसी-नॉर्थ कॅरोलिनाच्या सीमेवर 'टेल ऑफ द ड्रॅगन' आहे, अकरा मैलांत ३१८ वळणं. तिथे एकदा या आणि मग बोला.

माणसांचं म्हणाल तर मान्य. अमेरिकेत सोळाव्या वर्षी पोरगं पार्किंग लॉटमध्ये शिकून लायसन्स घेतं. एका हातात कॉफी, दुसऱ्या हातात स्टिअरिंगचा खालचा भाग. लेन संपत आली की आमच्याकडे अमेरिकेत सगळे मैलभर आधी रांग लावतात आणि टोकाला जाऊन घुसणाऱ्याला शिव्या देतात.

डिपर_देऊ_नका

आणि इथे जर्मनीत टोकापर्यंत जाऊनच घुसायचं असतं, एक हा, एक तो, जॅकेटच्या चेनसारखं. आधीच घुसलात तर मागचा वैतागतो.

नेकारकाठची_सून

एक राहिलं. ऑटोबानवर काम चालू असलं की डावी लेन अरुंद करतात आणि रुंदीची पाटी लावतात, कधी २.१ मीटर, कधी फक्त २. ती रुंदी आरशांसकट धरतात. तुमची मस्टँग आरशांसकट दोन मीटरच्या वर जाते. म्हणजे दोनच्या पाटीला ४६० हॉर्सपॉवर घेऊन उजव्या लेनमध्ये ट्रकांच्या मधे, ताशी ८० ने. आमच्याकडे कुठे ना कुठे काम चालूच असतं. इमारतीच्या तळघरातलं पार्किंगही आधी टेपने मोजा. आमच्या शेजाऱ्याने मोठी गाडी घेतली, तेव्हापासून तो डिकीतून उतरतो.

उगाच_एक

मेव्हण्याला देऊन टाका. तो रविवारी नुसती सुरू करून ठेवत नसणार.

वाकड_ते_वुडवर्ड

सगळ्यांचे मनापासून आभार. लायसन्सची अपॉइंटमेंट घेतली. पार्किंग मोजलं: दोन खांबांच्या मधे २ मीटर ३५. गाडी आत जाईल, मी आत राहीन. दोन दरवाज्यांची गाडी, दार पूर्ण उघडल्याशिवाय लेकीला मागे बसवताच येत नाही.

शनिवारी परत ए-८१ ला गेलो. या वेळी मुद्दाम उजवीकडे राहून, डावीकडे जायच्या आधी आरशात दोनदा बघून. १५० वर तासभर चालवलं आणि उतरलो तेव्हा मान आखडली होती. आय-७५ वर चार तास चालवून असं कधी झालं नव्हतं. तिथे गाडी चालवता चालवता मी आख्खी क्रिकेट मॅच ऐकायचो, इथे बायकोने विचारलेलं "जेवायला काय?" तिसऱ्यांदा कळलं. वेगाचा त्रास नाही झाला, सारखं बघत राहण्याचा झाला.

तेव्हा आणण्याचा विचार जवळजवळ सुटलाय. इथेच वापरलेली, चार दारांची, दोन लिटरची काहीतरी बघतोय. स्टेशन वॅगन म्हटलं की नाक मुरडायचो, आता तीच शोधतोय.

उगाच_एक, तुमचा प्रतिसाद वाचून हसलो आणि मग हळूच मेव्हण्याला म्हटलं, जाहिरातीला लागेल, मीटरचा फोटो पाठव. दोन दिवस टाळाटाळ केली, आज पाठवला. सप्टेंबरमध्ये मी सोडली तेव्हा ४१,२०६ मैल होते. आता ४१,५८८ आहेत.

गिऱ्हाईक मिळालंय असं दिसतंय. किंमत किती सांगावी, घरातल्या माणसाला?