अफगाणिस्तान : रसदीच्या ट्रकांतून तालिबानला हप्ता कसा पोचत होता?

प्रश्न : अमेरिकेचाच पैसा शत्रूच्या खिशात जात होता म्हणतात. नेमका कोणत्या वाटेने?

प्रतिसाद १ : ‘होस्ट नेशन ट्रकिंग’ हे २.१६ अब्ज डॉलरचं कंत्राट बघा. अफगाणिस्तानातल्या अमेरिकी सैन्याचा ७० टक्क्यांहून जास्त माल त्यातून जाई. खरी ग्यानबाची मेख अटींत होती : ताफ्याचं संरक्षण कंत्राटदारानेच करायचं. मग तो रस्ता अडवून बसलेल्या टोळीप्रमुखाला ट्रकमागे पैसे मोजणार. कंदाहारच्या फेरीला १,५०० डॉलरपर्यंत. त्यातला वाटा तालिबानकडे जात असावा, असं २०१० च्या अमेरिकी संसदीय उपसमितीच्या अहवालात आहे.

प्रतिसाद २ : आणि रस्ता खरोखर सुरक्षित झाला तर या टोळ्यांचा धंदाच बसतो! लष्कराचा करार फक्त मुख्य कंपन्यांशी. पोटकंत्राटदार कोणाला किती देतो यावर नजरच नव्हती. २०११ मध्ये नवं कंत्राट आलं, पण तोवर व्हायचं ते झालं होतं.

प्रतिसाद ३ : नुसते ट्रकच कशाला? अमेरिकेचा पैसा इतरत्रही वाया गेला. तिने अफगाण हवाई दलासाठी घेतलेली जी-२२२ मालवाहू विमानं सुट्या भागांअभावी काबूलला पडून राहिली. त्यातली १६ भंगारात गेली, एका पौंड वजनाला ६ सेंट दराने. पुरवठादाराचं बिल मात्र आधीच चुकतं झालेलं.