थंडरबर्डची सर्टिफिकेटची कटकट: आधी ‘इश्युअर’ वाचा

अँटीव्हायरस अपडेट झाल्यापासून थंडरबर्ड (मेल वाचायचा प्रोग्राम) ‘सर्टिफिकेटवर विश्वास नाही’ म्हणतंय, म्हणजे मेल सर्व्हरचं डिजिटल ओळखपत्र मानत नाही, अशी एकाची तक्रार आहे. त्यावर कुणीतरी ‘एक्सेप्शन कन्फर्म करा (इशारा बाजूला ठेवून ते सर्टिफिकेट मान्य करा) आणि मोकळे व्हा’ असं सुचवलंय. तेवढं डोळे झाकून करू नका बुवा.

त्या इशाऱ्याच्या खिडकीत सर्टिफिकेट उघडून इश्युअर, म्हणजे ते देणारा, कोण ते बघा. तिथे तुमच्याच अँटीव्हायरसचं नाव असेल तर प्रकार घरातलाच. मेल तपासायला तो मधे बसतो, सर्व्हरचं खरं सर्टिफिकेट अडवतो आणि स्वतःच्या सहीचं पुढे सरकवतो. त्याचं रूट सर्टिफिकेट (ज्याच्या जोरावर त्याची सही खरी मानली जाते ते) विंडोजमध्ये असतं, म्हणून आउटलुक गप्प. थंडरबर्डचा सर्टिफिकेटांचा साठा वेगळा, म्हणून ते बोंब मारतं.

ठाण्यात नौपाड्यातल्या एका सीएंच्या ऑफिसात ऐन रिटर्नच्या गर्दीत हेच झालं होतं. अँटीव्हायरसच्या मेल शील्डमधलं (मेल तपासणाऱ्या भागातलं) एसएसएल स्कॅनिंग, म्हणजे एन्क्रिप्टेड जोडणीची तपासणी, बंद केलं, थंडरबर्ड पुन्हा सुरू केलं, विषय संपला. त्याने मेल उघडी पडत नाही. ९९३ पोर्टवरचं (सर्व्हरवरून मेल घ्यायच्या सुरक्षित वाटेवरचं) एन्क्रिप्शन तसंच राहतं, आणि अटॅचमेंट सेव्ह करताना फाइल शील्ड ती तपासतंच. स्कॅनिंग हवंच असेल तर अँटीव्हायरसचं रूट सर्टिफिकेट एक्सपोर्ट करून थंडरबर्डच्या ‘ऑथॉरिटीज’मध्ये इम्पोर्ट करा. मला ती उठाठेव वाटते.

इश्युअर भलताच निघाला आणि तुम्ही एखाद्या मॉलच्या फुकट वायफायवर असाल, तर मात्र तिथेच थांबा, मधे कुणी परकं बसलेलं असू शकतं. मोबाइलच्या नेटवर जोडून पुन्हा बघा.

आणि हो, पीसी जुना असेल तर तारीख तपासा. मदरबोर्डचा सेल गेला की घड्याळ मागे जातं आणि मुदतीत असलेलं चांगलं सर्टिफिकेटही चुकीचं ठरतं.